फुकट, धर्मार्थ आणि सार्वजनिक

या महिन्याच्या टपालांत दोन पत्रें अशीं आलीं कीं, तीं एकमेकांस उत्तर म्हणूनच लिहिलीं असावींत असें वाटावें; वस्तुतः लिहिणारांची परस्परांशीं ओळखदेखील नाहीं. पहिलें पत्र पुण्याच्या एका वृद्ध भगिनीचें आहे. त्यांचें वय ७४. त्यांचे यजमान एका शाळेंत मुख्याध्यापक होते. ते निवर्तल्यास आतां सहा वर्षें झालीं. सत्तरी गांठलेल्या माणसांच्या रुग्णालयांतील उपचारांचा खर्च, वर्षाला कुटुंबामागें पांच लाख रुपयांपर्यंत, सरकार सोसतें असें धाकट्या सुनेनें त्यांना समजावून सांगितलें, आणि त्यासाठीं लागणारें कार्ड काढून घेण्याचा ती आग्रह करीत आहे. बाईंच्या मनास तें रुचत नाहीं. त्या विचारतात, “आमच्या घरीं कोणाचें फुकट घेण्याची रीत नाहीं. आतां उतारवयांत सरकारच्या दारीं हात पसरावयाचा काय?”

दुसरें पत्र इंग्लंडांतील लीड्स शहराहून एका मराठी गृहस्थांनीं धाडलें आहे. हे गृहस्थ अनेक वर्षें तेथें स्थायिक आहेत. त्यांच्या उजव्या गुडघ्याचा सांधा बदलावा लागेल असें तेथील डॉक्टरांनीं ठरविल्यास चौदा महिने लोटले, परंतु अद्याप पाळी आलेली नाहीं. डॉक्टरला, रुग्णालयाला, शस्त्रक्रियेला त्या देशांत पैसे द्यावे लागत नाहींत हें ते कबूल करतात, पण, “जें विनामूल्य मिळतें तें वेळेवर मिळत नाहीं. आपल्या लोकांनीं या मार्गानें जाऊं नये, हें आपल्या सदरांत स्पष्ट लिहा,” अशी त्यांची सूचना आहे.

दोन्ही पत्रें मनापासून लिहिलेलीं आहेत. आम्ही प्रथम बाईंच्या ‘फुकट’ या शब्दाकडे वळतों, कारण सगळा घोटाळा त्या एका शब्दापाशीं आहे.

आपल्या घरांतून हा शब्द नेहमीं तुच्छतेनें उच्चारला जातो. परंतु त्याच्या शेजारीं आणखी दोन शब्द आहेत, आणि बोलतांना आपण तिन्हींची सरमिसळ करतों. एक ‘धर्मार्थ’ आणि दुसरा ‘सार्वजनिक’. धर्मार्थ दवाखान्यांत जें मिळतें तें कोणा दात्याच्या औदार्यामुळें मिळतें. घेणारानें मान खालीं घालून घ्यावें, आणि दात्याची मर्जी फिरली तर निमूटपणें परत जावें. सार्वजनिक वस्तूची गोष्ट निराळी. नगरपालिकेच्या नळाचें पाणी भरतांना आपण भीक घेत आहों असें कोणत्याही गृहिणीस वाटत नाहीं. रस्त्यावरील दिव्याच्या उजेडांत चालतांना कोणी ओशाळत नाहीं. त्या नळाची आणि दिव्याची किंमत सर्वांनीं मिळून, ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणें, आधींच भरलेली असते. तेव्हां प्रश्न एवढाच उरतो कीं, आजारपणांतील उपचार हे साडीचोळीसारखे ज्यानें त्यानें आपल्या कमाईंतून विकत घ्यावयाचे, कीं नळाच्या पाण्यासारखे सर्वांनीं मिळून पुरवावयाचे?

लीड्सचे गृहस्थ ज्या व्यवस्थेविषयीं तक्रार करतात ती व्यवस्था ह्याच प्रश्नांतून जन्मास आली. १९४८ पूर्वीं इंग्लंडमध्यें मोठमोठीं रुग्णालयें होतीं, पण त्यांतील पुष्कळशीं देणग्यांवर चालत. आलेल्या रुग्णाची सांपत्तिक स्थिति तपासण्याकरितां तेथें एक बाई नेमलेली असे. नवऱ्याचा पगार किती, घरांत खाणारीं तोंडें किती, आठवड्याला किती शिलिंग देतां येतील, ही चौकशी तिनें करावयाची आणि मग आकार ठरवावयाचा. ती बाई बहुधा भलीच असे. तथापि आजारी मुलाला कडेवर घेऊन आपल्या दारिद्र्याचा हिशेब परक्या माणसापुढें मांडणें कोणत्याही आईस जड जावयाचें. दुसऱ्या बाजूस वेल्समधील ट्रेडिगर नांवाच्या खाणकामगारांच्या गांवांत एक निराळीच रीत चालत आलेली होती. तेथील कामगार आपल्या मजुरींतून दर आठवड्यास थोडी वर्गणी एका मंडळीकडे भरीत, आणि त्या निधींतून डॉक्टर व औषधें सर्व कुटुंबांस मिळत. ह्याच गांवीं एका खाणकामगाराच्या घरीं अन्यूरिन बेव्हन जन्मले. तेही तेराव्या वर्षीं खाणींत उतरले होते. पुढें ते ब्रिटनचे आरोग्यमंत्री झाले, तेव्हां गांवची ती वर्गणीची रीत त्यांनीं अवघ्या देशास लावली. वर्गणीच्या जागीं मुख्यतः कर आला एवढाच फरक. ५ जुलै १९४८ या दिवशीं राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. त्यापूर्वीं घरोघर एक पत्रक वांटण्यांत आलें होतें, आणि त्यांत एक गोष्ट मुद्दाम स्पष्ट केली होती: हें दान नव्हे, करदाते या नात्यानें तुम्ही सर्वजणच याचे पैसे भरीत आहां. म्हणजे पुण्याच्या आमच्या भगिनींना आज जो संकोच वाटतो तोच संकोच त्या वेळच्या इंग्रज गृहिणींस वाटेल हें तेथील सरकारनें ओळखलें होतें.

डॉक्टरांच्या संघटनेनें या योजनेस कडाडून विरोध केला होता. सरकारचे नोकर होऊन आपली स्वतंत्र वृत्ति नष्ट होईल, अशी त्यांची भीति. बेव्हन यांनीं मोठ्या तज्ज्ञांना खाजगी रुग्ण पाहण्याची मुभा देऊन त्यांची समजूत घातली. (तत्त्वासाठीं पुकारलेले लढे कित्येकदां असे तपशिलांत मिटतात.) आणि पहिल्याच वर्षीं सरकारी अंदाजपत्रक कोलमडलें. दांतांच्या कवळ्या आणि चष्मे यांसाठीं लोकांची एवढी गर्दी लोटली कीं, खजिनदार हबकून गेले. टीकाकार म्हणूं लागले, पाहा, फुकट म्हटल्याबरोबर लोक तुटून पडले! वस्तुतः तीं माणसें वर्षानुवर्षें दुसऱ्याचा चष्मा नाकावर ठेवून किंवा बोळक्या तोंडानें दिवस काढीत होतीं. त्यांची निकड जुनी होती, फक्त ती आतां कागदावर आली. तरीही पैसा अपुरा पडला हें खरेंच. १९५१ मध्यें कवळ्या व चष्मे यांवर अर्धा आकार बसविण्याचें ठरलें, त्यावर बेव्हन यांनीं मंत्रिपदाचा राजीनामा दिला. आणि १९५२ पासून औषधाच्या चिठ्ठीमागें एक शिलिंग द्यावा लागूं लागला. उधळपट्टी किती होते हें शोधण्याकरितां नेमलेल्या समितीनें १९५६ मध्यें निकाल दिला तो मात्र मौजेचा होता: राष्ट्रीय उत्पन्नाशीं ताडून पाहतां खर्च वाढलेला नसून उलट थोडा उतरलाच होता.

हा इतिहास सांगण्याचें कारण असें कीं, सरकारी खर्चानें चालणाऱ्या वैद्यकावर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांपैकीं ‘लोक चटावतील’ हा आक्षेप आम्हांस सर्वांत दुबळा वाटतो. हौसेखातर कोणी पोट चिरून घेत नाहीं. खरा आक्षेप निराळा आहे आणि तो लीड्सच्या पत्रांत आला आहे.

तो म्हणजे रांग. इंग्लंडमधील नियोजित उपचारांची प्रतीक्षायादी सप्टेंबर २०२३ मध्यें ७७ लाखांवर गेली होती. अठरा आठवड्यांच्या आंत शंभरांपैकीं ९२ रुग्णांचे उपचार सुरू व्हावेत असा तेथील नियम आहे. २०१६ नंतर तो पाळतां आलेला नाहीं. याचीं कारणें गूढ नाहींत. जेथें सर्वांच्या औषधपाण्याची थैली एकाच हातांत असते, तेथें तो हात आंखडला कीं सर्वांचेंच आंखडतें. २०१० नंतर तेथील सरकारांनीं काटकसर आरंभिली, आरोग्यसेवेच्या खर्चांतील वाढ पूर्वींच्या मानानें मंदावली, आणि त्यावर २०२० ची महामारी कोसळली. आपण होऊन चार पैसे अधिक टाकून आपली पाळी पुढें आणावी, ही सोय त्या व्यवस्थेंत नाहीं. ज्याला तसें करावयाचें असेल त्यानें तिच्याबाहेर जाऊन खाजगी रुग्णालयाचें बिल सगळें आपण भरावें. आणखी एक कठोर गोष्ट आहे. कोणतें नवें औषध सरकारी खर्चानें द्यावें आणि कोणतें देऊं नये हें ठरविण्याकरितां १९९९ पासून तेथें एक संस्था आहे. औषधानें आयुष्यांत किती भर पडते आणि त्यासाठीं किती पौंड पडतात याचा हिशेब ती मांडते. आपल्या माणसाच्या शेवटल्या वर्षाची किंमत कोणी कचेरींत बसून ठरवावी, हें ऐकतांना अंगावर कांटा येतो, आणि ज्यांच्या घरीं असा नकार आला असेल त्यांच्या दुःखाला आमच्यापाशीं उत्तर नाहीं.

पण आम्ही आमच्या लीड्सच्या बंधूंना विचारतों: रांग कोठें नसते? जेथें पैसा पाळी ठरवितो तेथेंही रांग असतेच, फक्त तिची यादी कोणी करीत नाहीं. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ‘मुलीचें लग्न होऊन जाऊं दे, मग पाहूं’ म्हणून चार वर्षें पुढें ढकलणारी आई कोणत्या यादींत आहे? छातींतील कळ दाबून खळ्यावर काम करणारा शेतकरी कोणाच्या आंकड्यांत आहे? तीं माणसें वाट पाहत आहेत हें त्यांच्या शेजाऱ्यांनाही ठाऊक नसतें. इंग्लंडची ७७ लाखांची यादी लाजिरवाणी खरी. पण ती यादी आहे, ती दर महिन्यास प्रसिद्ध होते, आणि तिच्यावरून तेथें मंत्र्यांना धारेवर धरतां येतें. अमेरिकेसारख्या संपन्न देशांत राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेंकडा १७ च्या आसपास रक्कम आरोग्यावर खर्च होते, ब्रिटनमध्यें ११ च्या आसपास. असें असूनही सरासरी आयुर्मान ब्रिटनचेंच अधिक आहे.

तथापि लीड्सच्या गृहस्थांचा गुडघा या युक्तिवादानें बरा व्हावयाचा नाहीं, हें आम्ही जाणून आहों. त्यांना एक गोष्ट सुचवितों. अठरा आठवड्यांहून अधिक वाट पाहावी लागत असेल तर दुसऱ्या, कमी गर्दीच्या रुग्णालयांत पाठविण्याची मागणी करण्याचा हक्क तेथील रुग्णास आहे. ती मागणी लेखी करावी.

‘लेखी’ हा शब्द आम्हीं सहज वापरलेला नाहीं. सार्वजनिक वैद्यकाचा जो सर्वांत मोठा धोका आम्हांस दिसतो तो रांगेचाही नाहीं. तो असा कीं, जेथें गिऱ्हाईक दुकान बदलूं शकत नाहीं, तेथें दुकानदारास त्याच्या नाराजीची तमा राहत नाहीं. इंग्लंडांतच स्टॅफर्ड येथील रुग्णालयांत २००५ ते २००९ या काळांत जें घडलें तें वाचून मन सुन्न होतें. वरिष्ठांचें लक्ष हिशेबांतील तूट भरून काढण्याकडे आणि ठरवून दिलेले आंकडे गांठण्याकडे. परिचारिका कमी केलेल्या. आणि वॉर्डांत म्हातारीं माणसें तासन्‌तास घाणींत पडून, तहानेनें व्याकुळ झालेल्यांनीं फुलदाणींतलें पाणी प्यायल्याच्या साक्षी झाल्या. सर्व कांहीं सरकारी खर्चानें, आणि सर्व कांहीं विनामूल्य. हें उजेडांत आणलें तें कोणा निरीक्षकानें नव्हे. २००७ मध्यें आपली आई तेथें गमावलेल्या एका मुलीनें, जी चहाफराळाचें लहानसें दुकान चालवीत असे, तिनें आपल्या दुकानांत समदुःखी लोकांस गोळा केलें, पत्रें लिहिलीं, शिव्याशाप सोसले आणि अखेर सरकारला जाहीर चौकशी नेमण्यास भाग पाडलें. फेब्रुवारी २०१३ मध्यें त्या चौकशीचा अहवाल आला. त्यांत २९० सूचना होत्या.

ह्या प्रकरणांतून इंग्रज लोकांनीं ‘सरकारी रुग्णालयें बंद करा’ असा अर्थ काढला नाहीं. त्यांनीं तीं सुधारण्याचा हट्ट धरला, कारण त्यांतल्या बहुतेकांना आजारी पडल्यावर तेथेंच जावयाचें होतें. प्राध्यापक, वकील, टपालवाला, मोलकरीण, सर्वांची आई त्याच वॉर्डांत. येथें आम्हांस जें सांगावयाचें आहे त्याचें मूळ आहे, आणि आतां आपण आपल्या देशाकडे येऊं.

ज्या वर्षीं ब्रिटनच्या पार्लमेंटनें आरोग्यसेवेचा कायदा केला त्याच १९४६ सालीं हिंदुस्थानांत भोर समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर यांचा जन्म नाशिकचा आणि शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत झालेलें. म्हणजे माणूस आपल्याच मुलुखांतला. त्या अहवालांतील स्थितिवर्णन आज वाचतांनाही धडकी भरते. सरासरी आयुर्मान २७ वर्षांहून कमी. जन्मलेल्या दर हजार मुलांपैकीं १६२ वर्षाच्या आंत दगावत. ६,३०० माणसांमागें एक डॉक्टर आणि ४३,००० माणसांमागें एक परिचारिका. समितीचें मुख्य सूत्र असें होतें कीं, पैसे देण्याची ऐपत नाहीं एवढ्यासाठीं कोणीही उपचारांवांचून राहतां कामा नये. खेड्यापाड्यांतून प्राथमिक आरोग्य केंद्रें असावींत, आणि सरकारी डॉक्टरांनीं पगार घ्यावा, खाजगी धंदा करूं नये, अशा तिच्या शिफारशी होत्या. दोन्ही देशांत एकाच सुमारास एकच स्वप्न पडलें होतें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आपण त्यांतील कांहीं भाग साधला, आणि त्याचें श्रेय न देणें कृतघ्नपणाचें होईल. देवीचा रोग या देशांतून गेला. पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्यें आढळला. हजारीं १६२ असलेलें बालमृत्यूचें प्रमाण २०२० सालीं २८ वर आलें होतें. महाराष्ट्रांत तें १६ होतें आणि केरळांत अवघें ६. हें काम झुळझुळीत पडद्यांच्या रुग्णालयांनीं केलेलें नाहीं. लशींची पेटी खांद्याला अडकवून पायपीट करणाऱ्या सरकारी परिचारिकांनीं तें केलें आहे, आणि नफ्यासाठीं तें करावयास कोणीही पुढें आलें नसतें, कारण न झालेल्या रोगाचें बिल करतां येत नाहीं.

मुंबईचें उदाहरण तर अभिमानानें सांगावें असें आहे. परळचें के. ई. एम. रुग्णालय आणि त्याला जोडलेलें शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय हीं १९२६ सालीं सुरू झालीं. खर्च महानगरपालिकेचा आणि देणगीदारांचा. आणि देणगीदारांची अट अशी कीं, शिकविणारे व उपचार करणारे सर्वजण हिंदीच असावेत. त्यानंतर कित्येक पिढ्या शहरांतील नामांकित डॉक्टर सकाळचा वेळ अशा रुग्णालयांत विनावेतन देत आणि दुपारीं आपला खाजगी दवाखाना चालवीत. गिरणींतला कामगार आणि कारकून एकाच डॉक्टरच्या हाताखालून जात.

मग बिघडलें कोठें? पैसा अपुरा पडला हें एक उत्तर आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानें सरकारी खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेंकडा अडीचपर्यंत नेण्याचें ठरविलें होतें. २०२१-२२ सालीं तो १.८४ होता. परंतु दुसरें उत्तर आम्हांला अधिक बोंचतें. १९८६-८७ च्या सरकारी पाहणींत, रुग्णालयांत दाखल झालेल्या शंभर माणसांपैकीं सुमारें ६० सरकारी रुग्णालयांत गेलीं होतीं. २००४ सालच्या पाहणींत तीं सुमारें ४० वर उतरलीं. निघून कोण गेलें? ज्यांना जाणें परवडत होतें ते, म्हणजे आपण. आणि जातांना आपण आपली लेखणी, आपल्या ओळखी, वर्तमानपत्रांत पत्र लिहिण्याची आपली संवय, हें सर्व बरोबर घेऊन गेलों. मागें राहिलीं तीं माणसें केसपेपरसाठीं पहाटेपासून उभीं राहतात, आणि ‘औषध बाहेरून आणा’ म्हटलें कीं मुकाट्यानें बाहेर जातात. सप्टेंबर व ऑक्टोबर २०२३ च्या सांध्यावर नांदेडच्या शासकीय रुग्णालयांत एका दिवसांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात अर्भकें होतीं. औषधांचा तुटवडा, रिकाम्या जागा, उशिरां आणलेले रुग्ण, अशा अनेक कारणांची चर्चा झाली; मुंबई उच्च न्यायालयानें स्वतः होऊन दखल घेतली. आम्हांस मात्र राहून राहून वाटतें कीं, त्या वॉर्डांत एखाद्या प्राध्यापकाची सून बाळंत झालेली असती, तर तेथें काय कमी आहे याचा बोभाटा कितीतरी आधीं झाला असता.

येथें थोडें खाजगींतलें बोलावयाचें तर, सरकारी वैद्यकाविरुद्ध सर्वांत जोरानें बोलणारे जे सेवानिवृत्त गृहस्थ आपल्या ओळखीचे असतात, त्यांतील पुष्कळांच्या खिशांत केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचें कार्ड असतें! १९५४ सालीं दिल्लींत सुरू झालेली ती योजना सरकारी खर्चाचीच आहे. तें कार्ड दाखवितांना त्यांना हात पसरल्यासारखें वाटत नाहीं, कारण तें आपल्या नोकरीचें देणें आहे असें ते समजतात. योग्यच आहे. पण मग गवंडी, कोष्टी आणि शिक्षकाची विधवा यांनींही मीठमिरचीपासून साबणापर्यंत जन्मभर कांहींना कांहीं कर भरलेलाच आहे.

पुण्यास सरकारी वैद्यकाविषयीं आणखी एक जुनी अढी आहे, तिचाही उल्लेख केला पाहिजे. १८९७ च्या प्लेगांत गोऱ्या शिपायांनीं घरांत, देवघरांत आणि स्वयंपाकघरांत शिरून केलेल्या तपासण्या आपल्या पूर्वजांच्या पिढीनें कधीं विसरल्या नाहींत. औषधाबरोबर दंडुका आला तर काय होतें, याचा तो धडा होता, आणि सरकारच्या हातीं आपलें शरीर सोंपवितांना माणसानें सावध असावें हें त्यांतून निघतेंच. पण त्याच वर्षीं त्याच पुण्यांत सावित्रीबाई फुले प्लेगाच्या रुग्णांची शुश्रूषा करतां करतां स्वतः त्या रोगाला बळी पडल्या. रोग्याच्या घरांत शिरण्याचीं हीं दोन तऱ्हेचीं पावलें पुण्यानें एकाच वर्षीं पाहिलीं. आजची आपली तक्रार तर अशी आहे कीं, सरकार घरांत शिरतें म्हणून नव्हे, तर सरकारी डॉक्टर जागेवर सांपडत नाहीं म्हणून.

आतां आमच्या भगिनींच्या कार्डाकडे वळूं. आपल्याकडील नव्या योजनांची तऱ्हा इंग्लंडहून वेगळी आहे, हें ध्यानांत ठेवावें. तेथें रुग्णालयें बहुतेक सरकारचींच. येथें सरकार विम्यासारखी रक्कम बांधून देतें आणि रुग्ण यादींतील सरकारी अथवा खाजगी रुग्णालयांत जातो. महाराष्ट्रांत २०१२ मध्यें कांहीं जिल्ह्यांत सुरू झालेली आणि पुढें महात्मा जोतिराव फुले यांचें नांव दिलेली योजना अशीच आहे, आणि २०१८ ची केंद्र सरकारची आयुष्मान योजनाही तशीच. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढील सर्वांस, उत्पन्न न पाहतां, ती लागू झाली. हिच्यामुळें एखाद्या घरावर कोसळणारें मोठें संकट टळूं शकतें, यांत शंका नाहीं. आपल्या देशांत आरोग्यावर खर्च होणाऱ्या शंभर रुपयांपैकीं २०१३-१४ मध्यें ६४ रुपये रुग्णाच्या स्वतःच्या खिशांतून जात, ते २०२१-२२ मध्यें ३९ वर आले आहेत. परंतु हिच्यांतील उणीवही मोठी आहे. ही योजना माणूस खाटेवर पडला म्हणजे जागी होते. खाटेवर पडूं नये म्हणून जें करावयाचें, म्हणजे नित्याची तपासणी, रक्तदाबाची गोळी, मधुमेहाचें औषध, तें तिच्या कक्षेबाहेर राहतें. शिवाय सरकारी पैसा खाजगी रुग्णालयांकडे वाहूं लागला कीं सरकारी रुग्णालयाची गळकी कौलें शाकारण्याची निकड कमी वाटूं लागते, ही भीति आहेच.

म्हणून आमचें बाईंना सांगणें असें. कार्ड अवश्य काढावें. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं, तें आपल्याच नळाचें पाणी आहे. आधारपत्रिका घेऊन सुनेबरोबर जावें. खाजगी विमा असला तरी अडचण येत नाहीं. जवळपास कोणतीं रुग्णालयें यादींत आहेत हें प्रकृति ठीक असतांनाच विचारून, त्यांचीं नांवें दूरध्वनीच्या वहींत लिहून ठेवावींत. आणि एक विनंति: पुढल्या वेळीं डोळे किंवा रक्त तपासावयाचें झालें, तर एकदां सरकारी रुग्णालयांत जाऊन पाहावें. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. बसावयास बांक नसेल, पंखा बंद असेल, औषध संपलेलें असेल, तर परत फिरण्यापूर्वीं तेथील अधीक्षकांच्या नांवें चार ओळी स्वच्छ अक्षरांत लिहून, पोंच घेऊन द्याव्यात. मुख्याध्यापकांच्या घरांत कागदलेखणीची वाण असणार नाहीं.

पत्राच्या शेवटीं त्यांनीं रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्यांबद्दल विचारलें आहे. त्या या कार्डावर मिळत नाहींत. सरकारी रुग्णालयांत तपासून घेतल्यास तेथील औषधांच्या खिडकीवर मिळूं शकतात. न मिळाल्यास जन-औषधी केंद्रांत बाजारापेक्षां पुष्कळ स्वस्त मिळतात, मात्र चिठ्ठीवर औषधाचें मूळ नांव लिहून देण्यास डॉक्टरांना सांगावें. उरलेला खर्च पूर्वींप्रमाणेंच घरच्या जमाखर्चाच्या वहींत मांडावा लागेल.